सुट्या भागांचा बाजार आणि विक्रेत्याची पारख

बाजारांत जाऊन माल घेणाऱ्या माणसाला दुकानदाराचें तोंड दिसतें, ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटत आली आहे कीं तिचें मोल फारसें कोणीं मोजलेलें नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत संगणकाचा एखादा भाग घ्यावयास गेलेला गृहस्थ दुकानाची पाटी वाचतो, फळीवरची धूळ पाहतो, शेजारच्या दुकानांत तोच भाव विचारतो, आणि ‘बिल नको असेल तर थोडें कमी करूं’ असें दुकानदार हळूच म्हणाला कीं मनांतल्या मनांत त्याची इयत्ता ठरवितो. ही परीक्षा पांचदहा मिनिटांत उरकते. पण ती खरीखुरी परीक्षा असते. तोच भाग घरबसल्या इंटरनेटवरून मागवितांना ही सारी परीक्षा गळून पडते. पडद्यावर सगळींच दुकानें सारखीं स्वच्छ आणि सारखीं उजळ दिसतात. लबाडाच्या फळीवरही तेथें धूळ नसते.

प्रश्न केवळ चार पैशांचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु अलीकडे मध्यम स्थितींतल्या पुष्कळ घरांतून मुलामुलींसाठीं तयार संगणक न घेतां त्याचे भाग निरनिराळे मागवून घरींच जुळविण्याची चाल पडली आहे. चाल चांगली आहे. तिनें मुलांचे हात कामाला लागतात, आणि कोणता रुपया कोठें गेला हें घरांतल्या सर्वांना समजतें. समजा, साताऱ्याच्या एका कुटुंबानें वर्षभर बाजूला टाकलेल्या साठ हजार रुपयांतून मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठीं असा संगणक जुळवावयाचें ठरविलें. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट अशीं सहा खोकीं निरनिराळ्या गांवांहून निरनिराळ्या दिवशीं घरीं येणार. त्यांतल्या एका खोक्यांतला माल जरी खोटा निघाला तरी उरलेलीं पांच निरुपयोगी होऊन बसतात. आणि खोटें कोणतें हें ताडून पाहण्यास दुसरा संगणक घरांत नसतो. तोंवर माल परत करण्याची मुदत संपते. त्यांतही एसएसडी किंवा हार्ड डिस्क खोटी असेल तर ती पहिल्या दिवशीं गप्प राहते, आणि सहा महिन्यांनीं घरांतलीं छायाचित्रें, हिशेब आणि अर्धवट लिहिलेले प्रबंध यांसह डोळे मिटते. साठ हजार रुपये पुन्हां सांठवितां येतात. वारलेल्या आजीचें छायाचित्र पुन्हां काढतां येत नाहीं.

शाळेंत वाक्याचें पृथक्करण शिकवितांना पहिला प्रश्न ‘कर्ता कोण?’ हा असतो. इंटरनेटवरच्या खरेदींतही पहिला प्रश्न तोच असावयास हवा, आणि बहुतेक फसगती तो न विचारल्यामुळेंच होतात. ‘कोठून घेतलें?’ असें विचारलें असतां ग्राहक ‘ॲमेझॉनवरून’ किंवा ‘फ्लिपकार्टवरून’ असें उत्तर देतो. हें उत्तर स्थळाचें झालें, कर्त्याचें नव्हे. पुण्यांत १८८६ सालीं बांधलेली मंडईची दगडी इमारत सर्वांच्या परिचयाची आहे. इमारत नगरपालिकेची; पण किडकीं वांगीं पदरांत पडलीं तर तीं गाळ्यावरच्या विक्रेत्याचीं, नगरपालिकेचीं नव्हेत. फ्लिपकार्ट २००७ सालीं बंगळूरांत पुस्तकें विकण्यासाठीं निघालें, ॲमेझॉननें हिंदुस्थानांतली पेठ जून २०१३ मध्यें उघडली. आज या दोन्ही पेठांचें स्वरूप मंडईसारखेंच आहे. ज्या पेठेंत परकी भांडवल आहे तिनें स्वतःचा माल ग्राहकाला किरकोळीनें विकूं नये, केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गांठ घालून द्यावी, असा सरकारी नियमच आहे. तेव्हां पेठेचें नांव कितीही मोठें असलें तरी प्रोसेसर विकणारा माणूस वेगळाच असतो. तो कदाचित् सचोटीचा जुना व्यापारी असेल. कदाचित् गेल्या महिन्यांत दोन खोल्यांच्या जागेंतून धंदा सुरू केलेला कोणी असेल.

त्याचें नांव वस्तूच्या पानावर असतें, पण बारीक अक्षरांत. किंमत मोठी, ‘आज मागवा, उद्यां मिळवा’ हें मोठें, आणि विक्रेत्याचें नांव मात्र शोधावें लागतें. शिवाय एकाच वस्तूच्या एकाच पानावर आठदहा विक्रेते रांगेत उभे असतात, आणि त्यांतला एक पेठेनें स्वतःच निवडून पुढें केलेला असतो. ग्राहक बटण दाबतो तें या पुढें केलेल्या विक्रेत्याच्या नांवावर. सकाळीं पाहिलेला विक्रेता रात्रीं बदललेला असूं शकतो. म्हणून पैसे देण्याच्या शेवटच्या पायरीवर तें नांव पुन्हां एकदां वाचून पाहणें हिताचें. माल पेठेच्या वखारींत ठेवलेला आहे अशी एक खूण कित्येक वस्तूंवर असते. तिच्यामुळें माल वेळेवर येईल आणि परत करणें सोपें जाईल, इतकें खरें. माल अस्सल आहे असा तिचा अर्थ होत नाहीं. अमेरिकेंत तर ॲमेझॉनच्या वखारींतून निरनिराळ्या विक्रेत्यांचा एकाच खुणेचा माल पुष्कळ वर्षें एकत्र मिसळून ठेवला जात असे, आणि एकाच्या नांवावर मागविलेला जिन्नस दुसऱ्यानें आणून टाकलेला निघत असे.

दुसरा घोटाळा ताऱ्यांचा. वस्तूखालीं साडेचार तारे दिसले कीं ग्राहक निश्चिंत होतो. पण ते तारे वस्तूचे असतात, विक्रेत्याचे नसतात. एखादी चांगली एसएसडी हजारों लोकांनीं चांगल्या विक्रेत्यांकडून घेतली, तिला तारे दिले, आणि त्याच पानावर नवा विक्रेता येऊन खोटी एसएसडी विकूं लागला तर ते सारे तारे त्याच्याही डोक्यावर चमकतात. उसन्या दागिन्यांनीं सजलेली नवरी पाहून घराची श्रीमंती ठरविण्यासारखेंच हें आहे. विक्रेत्याच्या नांवावर बोट ठेवलें कीं त्याचें स्वतंत्र पान उघडतें, आणि पाहावयाचें तें तेथें असतें. त्याला किती लोकांनीं अभिप्राय दिले, ते किती वर्षांत दिले, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यांचा सूर कसा आहे, हें तेथें कळतें. एकूण आकडा चांगला आणि अलीकडचा वाईट असेल तर दुकानाची मालकी किंवा नियत यांपैकीं कांहींतरी बदललें असें समजावें. स्तुतीचे अभिप्राय वाचण्यांत वेळ दवडूं नये. निंदेचे तेवढे वाचावे, आणि त्यांतलेही नीट निवडून. ‘पार्सल दोन दिवस उशिरां आलें’ ही तक्रार टपालवाल्याची. ‘खोक्याचें सील तुटलेलें होतें’, ‘हमी नोंदविली जात नाहीं’, ‘बिलावर दुसऱ्याच दुकानाचें नांव आहे’ या तक्रारी मात्र विक्रेत्याच्या, आणि अशा दोन जरी सांपडल्या तरी पुढें जाऊं नये.

विक्रेता आणखी काय काय विकतो हेंही पाहण्याजोगें असतें. ज्याच्या यादींत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि त्यांच्या जोडीच्या वस्तु आहेत तो या धंद्यांतला. ज्याच्या यादींत ग्राफिक्स कार्डाच्या एका बाजूला साड्या आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्या आहेत, त्याला ग्राफिक्स कार्ड कोठून मिळालें हा प्रश्न उरतोच. अभिप्रायांच्या खरेपणासाठीं भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें आयएस १९००० या क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. पण तें ऐच्छिक ठेवलें गेलें. विक्रेत्यानें ग्राहक असल्याची बतावणी करून स्वतःच्या मालाची स्तुति लिहूं नये, हा दंडक मात्र २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतच आहे. दंडक आहे म्हणून बतावणी थांबली असें मात्र कोणीं समजूं नये.

आतां अशा एका साधनाकडे वळावयाचें, कीं जें प्रत्येक घरांत आहे आणि ज्याचा उपयोग शंभरांत एखादाच करीत असेल. तें म्हणजे विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक. १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाला, आणि तेव्हांपासून नोंदलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला १५ अक्षरांचा एक क्रमांक मिळालेला आहे. त्यांतले पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९, पश्चिम बंगालचा १९, दिल्लीचा ०७. पुढचीं दहा अक्षरें त्या व्यापाऱ्याच्या पॅन क्रमांकाचीं. हा क्रमांक विक्रेत्याच्या पानावर किंवा त्याच्या संकेतस्थळाच्या तळाशीं दिलेला असतो. तो घेऊन सरकारच्या जीएसटी संकेतस्थळावर टाकला कीं व्यापाऱ्याचें कायदेशीर नांव, दुकानाचें नांव, नोंदणीची तारीख, धंद्याची मुख्य जागा, आणि नोंदणी चालू आहे कीं रद्द झाली आहे, हें सारें विनामूल्य आणि कोणालाही पाहावयास मिळतें. लॅमिंग्टन रोडवर पाटी आणि धूळ पाहून जें समजत असे, त्याहून हें कांहीं बाबतींत अधिकच आहे. ‘पंधरा वर्षांपासून आपल्या सेवेंत’ असें लिहिणाऱ्या दुकानाची नोंदणी चार महिन्यांपूर्वींची निघाली, किंवा मुंबईचा पत्ता सांगणाऱ्याच्या क्रमांकाचे पहिले अंक भलतेच निघाले, कीं विचार करावा. नोंदणी नवी असणें हा गुन्हा नव्हे, आणि एका व्यापाऱ्याच्या निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या नोंदण्या असूं शकतात, हेंही खरें. पण बोलणें आणि नोंद यांत विसंगति असेल तर ती विक्रेत्यानेंच उलगडून दाखवावयास हवी. फोन करून विचारावें. सचोटीचा व्यापारी अशा प्रश्नानें रागावत नाहीं.

यानंतर किंमत. बहुतेक लोक किंमतीपासून आरंभ करतात. ती या ठिकाणीं मुद्दाम मागें ठेवली आहे. प्रोसेसर, रॅम यांसारख्या भागांवर किरकोळ व्यापाऱ्याला सुटणारा नफा अल्प असतो, आणि बहुतेक व्यापारी तेच भाग त्याच अधिकृत वितरकांकडून घेतात. म्हणून चार प्रतिष्ठित ठिकाणीं भावांत शेंकडा तीनचारांचा फरक पडला तर त्यांत नवल नाहीं. पण पांचवा कोणी शेंकडा तीस कमी सांगूं लागला तर तो दानशूर आहे असें समजण्यापेक्षां माल कांहीं वेगळा आहे असें समजणें अधिक तर्काला धरून होईल. वेगळेपण दर वेळीं लबाडीचेंच असतें असें नाहीं. तो प्रोसेसर ‘ट्रे’ पद्धतीचा असूं शकेल, म्हणजे कारखानदारांना घाऊक विकण्यासाठीं खोक्याशिवाय काढलेला. तो अस्सल असतो, पण इंटेलच्या खोकाबंद प्रोसेसरावर जी तीन वर्षांची कंपनीची हमी असते ती त्यावर ग्राहकाला थेट मिळत नाहीं. हमी देईल तर विक्रेता देईल. तो भाग दुसऱ्या देशासाठीं बनलेला आणि आडमार्गानें येथें आलेला असूं शकेल. तोही अस्सल, पण बिघडला असतां येथलें सेवाकेंद्र हात वर करतें. परदेशांतल्या भाच्याकडून ग्राफिक्स कार्ड मागविणाऱ्या मामांनींही एवढें ध्यानांत घ्यावें, कारण कित्येक उत्पादकांची हमी ही देशापुरतीच असते.

लबाडीचे प्रकार मात्र याहून निराळे, आणि बाजारभाव चढले कीं त्यांना ऊत येतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कांहीं महिन्यांत दुपटीहून अधिक चढले, कारण कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणकगृहांसाठीं स्मृतीच्या चकत्यांची मागणी अतोनात वाढली. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनें तर डिसेंबर २०२५ मध्यें घरगुती ग्राहकांसाठींचा ‘क्रुशल’ हा आपला छाप बंद करीत असल्याचें जाहीर केलें. अशा वेळीं जुन्या भावानें नवा माल देणारा कोणी भेटला तर ग्राहकाला मोह होतो, आणि नेमका त्याच मोहावर दुसऱ्याचा धंदा चालतो.

जानेवारी २०२५ मध्यें जर्मनींत उघडकीस आलेला प्रकार या संबंधांत मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तेथील हाइझे या वृत्तसंस्थेकडे वाचकांच्या तक्रारी येऊं लागल्या कीं नव्या म्हणून घेतलेल्या सीगेट कंपनीच्या मोठ्या हार्ड डिस्का नव्या नाहींत. हार्ड डिस्क स्वतःच्या पोटांत एक नोंदवही ठेवीत असते. किती तास चालली, किती वेळां सुरू झाली, हें तींत लिहिलेलें असतें. तक्रार असलेल्या डिस्कांत ही वही कोरी होती. पण सीगेटच्या डिस्कांत ‘फार्म’ नांवाची आणखी एक आंतली नोंद असते, आणि ती पुसण्याचें लबाडांना सुचलें नव्हतें. ती उघडतां डिस्का १५,००० तासांहून अधिक, आणि कित्येक तर त्याच्या दुपटीहून अधिक चालल्याचें आढळलें. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हां या ‘नव्या’ डिस्का दोनदोन, तीनतीन वर्षें अहोरात्र राबलेल्या होत्या. चिया नांवाचें आंकडेशाही नाणें २०२१ सालीं निघालें, त्याच्या मागें लागून लोकांनीं डिस्कांचे ढीग उभे केले, आणि तो धंदा बसल्यावर त्या डिस्का पुसूनपासून बाजारांत आल्या असाव्या, असा अंदाज निघाला. यांत लक्षांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं त्या विकणाऱ्यांत नांवाजलेलींही दुकानें होतीं. त्यांना माल मधल्या पुरवठादारांकडून आला होता, आणि अधिकृत वाटेनें आला नव्हता. पण ज्यांच्याकडे बिल होतें आणि ज्यांचा विक्रेता पत्त्यावर सांपडणारा होता, त्यांना दाद मागावयास जागा होती. विक्रेत्याची पारख केल्यानें फसगत नेहमींच टळते असें नाहीं. फसगतीनंतर जाब कोणाला विचारावा एवढें तरी ठरलेलें असतें.

ही ‘फार्म’ नोंद स्मार्टमॉनटूल्स या विनामूल्य प्रोग्रामानें घरींही वाचतां येते, आणि साधी नोंदवही क्रिस्टलडिस्कइन्फो या जपानी प्रोग्रामानें दिसते. नवी म्हणून आलेली डिस्क दोनचार तासांहून अधिक चाललेली दिसली तर ती त्याच दिवशीं परत करावी.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डें यांत चालणारी युक्ति तर अधिकच कावेबाज आहे. आंत ३२ जीबीची चकती असते, पण तिच्यावर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाला ‘१ टीबी आहे असें सांग’ असें पढविलेलें असतें. संगणक विचारतो, नियंत्रक पढविल्याप्रमाणें सांगतो. पहिल्या ३२ जीबीपर्यंत सारें नीट चालतें; त्यापुढें लिहिलेला मजकूर एक तर हवेंत जातो किंवा आधींच्या मजकुरावर पडतो. फायलींचीं नांवें दिसत राहतात, आंत मात्र कांहीं नसतें. पाटीवर धडा लिहून घेतां घेतां पाटी भरली तरी पुढच्या ओळी वरच्याच ओळींवर गिरवीत बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखा हा प्रकार. याची परीक्षा एकच: संपूर्ण जागा भरून लिहावी आणि मग सारें परत वाचून पडताळावें. एच२टेस्टडब्ल्यू हा जर्मन मासिक ‘सीटी’च्या मंडळींनीं काढलेला प्रोग्राम आणि एफ३ हा दुसरा, हे दोन्ही हेंच काम करतात, आणि दोन्ही फुकट मिळतात. वेळ लागतो, पण रात्रीं लावून निजलें तर सकाळीं निकाल हातीं येतो.

ग्राफिक्स कार्डांत जुन्या कार्डाच्या पोटांतला कायमचा प्रोग्राम बदलून त्याला नवें नांव देण्याचा उद्योग इतका बोकाळला होता कीं जीपीयू-झेड या परीक्षक प्रोग्रामाला २०१८ सालीं खोट्या कार्डाच्या नांवाआधीं ‘फेक’ असा शिक्का दाखविण्याची सोय करावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या आंकडेशाही नाण्यानें खाणकामाची पद्धति सोडली, आणि त्या कामीं जुंपलेलीं असंख्य कार्डें जुन्या बाजारांत आलीं. जुनें म्हणून जुन्या भावानें घेतलें तर त्यांत फसवणूक नाहीं. प्रोसेसरांत नांव बदलण्यापेक्षां अदलाबदल अधिक चालते: २०१७ सालीं अमेरिकेंत एएमडीचा राइझन प्रोसेसर मागविणाऱ्यांना इंटेलचा जुना प्रोसेसर राइझनचें नांव चिकटवून मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. कोणी ग्राहकानें अस्सल प्रोसेसर काढून घेऊन भलताच परत पाठविला, आणि तो न तपासतां पुढच्याच्या गळ्यांत बांधला गेला, असें त्या वेळीं समजलें गेलें. उलटा करून पाहतां सारें उघड होत होतें, कारण त्या राइझनच्या तळाला सुयांसारख्या पिना असत आणि इंटेलचा तळ सपाट. आजच्या राइझनचा तळही सपाट झाला आहे, त्यामुळें ही खूण आतां कामाची राहिली नाहीं.

हिंदुस्थानांत अधिकृत वाटेनें आलेल्या मालाची एक चांगली खूण खोक्यावरच असते. आयात केलेल्या बांधीव मालावर आयात करणाराचें नांव आणि पत्ता, कोणत्या देशांत बनला, कमाल किरकोळ किंमत, महिना आणि वर्ष, हें छापलेलें असलें पाहिजे, असा २०११ च्या वैधमापन नियमांचा दंडक आहे. ही चिकटपट्टी खोक्यावर नसेल, किंवा तीवरचें आयातदाराचें नांव त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील वितरकांच्या यादींत नसेल, तर हमीचा प्रश्न पुढें उभा राहणार हें निश्चित. इंटेलच्या खोक्यावर बॅचचा क्रमांक असतो, तोच प्रोसेसरावर कोरलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांचे अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकले कीं हमी केव्हांपर्यंत आहे हें तेथें दिसतें. खरेदीच्या दिवशीं तीन वर्षांची हमी सांगितलेल्या वस्तूची दोन वर्षें आधींच सरलेलीं दिसलीं तर ती वस्तु कोठून कोठून फिरून आली असेल याची कल्पना करावी. सॅमसंगच्या एसएसडीची तपासणी त्याच कंपनीच्या ‘मॅजिशियन’ नांवाच्या प्रोग्रामानें करतां येते. पॉवर सप्लायवर ‘८० प्लस’ अशी कार्यक्षमतेची मोहोर असते. ती खरी कीं छापून लावलेली हें त्या योजनेच्या प्रसिद्ध यादींत तो नमुना आहे कीं नाहीं यावरून कळतें. पॉवर सप्लाय हा भाग दिसत नाहीं, त्यानें खेळ वेगवान होत नाहीं, म्हणून मुलें त्यावर पैसा वाचवूं पाहतात. घरांतल्या वडील माणसांनीं या एका ठिकाणीं हट्ट धरावा. तो फुटला तर एकटा फुटत नाहीं. बरोबर मदरबोर्ड घेऊन जातो.

मोठ्या पेठांखेरीज केवळ संगणकाचेच भाग विकणारीं दुकानेंही आहेत. मुंबई, कलकत्ता, चेन्नई, बंगळूर येथें पूर्वीं रस्त्यावर दुकान असलेल्या कित्येक व्यापाऱ्यांनीं आतां स्वतःचीं संकेतस्थळें काढलीं आहेत. नभोवाणीवरून कोणाची भलावण करावयाची नसते, म्हणून नांवें घेतां येत नाहींत. पण एवढें म्हणण्यास हरकत नाहीं कीं प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड असल्या वस्तूंसाठीं अशीं दुकानें पेठेंतल्या अनोळखी विक्रेत्यापेक्षां बहुधा बरीं. तेथें विकणारा आणि दुकान एकच असतें. कर्ता शोधावा लागत नाहीं. उणीव एवढीच कीं पेठेंत माल परत करणें जितकें सुलभ तितकें तेथें नसतें, आणि भांडण झालें तर मध्यस्थ नसतो. म्हणून त्यांची पारख अधिक काळजीपूर्वक करावी. संकेतस्थळावर रस्त्याचा पूर्ण पत्ता, जीएसटी क्रमांक आणि उचलला जाणारा फोन असावा. संकेतस्थळाचें नांव कोणत्या वर्षीं नोंदलें गेलें हें ‘हूइज’ नोंदींतून पाहतां येतें, तें पाहावें. नामांकित दुकानाच्या नांवांत एखादें अक्षर बदलून काढलेलीं तोतया संकेतस्थळें असतात, आणि तीं बहुधा कांहीं आठवड्यांचींच असतात.

पैसे देतांना एक नियम कडक पाळावा. पेठेंत भेटलेल्या विक्रेत्यानें ‘बाहेर थेट पाठवा, हजार रुपये सोडतों’ असें सांगितलें तर बोलणें तेथेंच थांबवावें; पेठेच्या बाहेर गेलेल्या पैशाशीं पेठेचा संबंध राहत नाहीं. नवख्या दुकानांत क्रेडिट कार्ड बरें, कारण माल न आल्यास बँकेकडे हरकत नोंदवितां येते. यूपीआयनें एकदां गेलेला पैसा ज्याच्या खात्यांत गेला त्याच्या मर्जीवर राहतो. परतीच्या अटी आधीं वाचाव्या. पुष्कळ सुट्या भागांवर पैसे परत मिळत नाहींत, केवळ बदली मिळते, आणि तीही सातदहा दिवसांत मागितली तर. म्हणून साताऱ्याच्या त्या कुटुंबानें सहाही खोकीं जवळजवळ एकाच आठवड्यांत येतील असें पाहावें. एसएसडी महिनाभर आधीं स्वस्तांत मिळाली म्हणून आणून ठेवली तर तिची परीक्षा घेण्याची मुदत मदरबोर्ड येण्याआधींच संपून जाते. खोकें उघडतांना चिकटपट्टी फोडण्यापासून वस्तूवरील अनुक्रमांक दिसेपर्यंत मोबाइलनें अखंड चित्रण करावें, आणि जीएसटी क्रमांक असलेलें पक्कें बिल जपून ठेवावें. त्या बिलावर वस्तूचा अनुक्रमांक लिहवून घेतां आला तर फारच उत्तम.

इतकें करूनही खोटा माल पदरांत पडलाच, तर कायदा ग्राहकाच्या बाजूनें बराच पुढें आलेला आहे. २०२० च्या नियमांप्रमाणें माल सदोष, बनावट किंवा वर्णनाहून निराळा असेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देतां येत नाहीं. पेठेनें तक्रार-अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच आणि एक महिन्यांत निवारण करावयाचें असतें. खरेदीनंतर ग्राहकानें लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पुरा पत्ता पेठेनें दिला पाहिजे. पहिल्या तक्रारींत हीच मागणी घालावी, कारण पुढच्या सर्व पायऱ्यांना तो पत्ता लागतो. त्यानें भागलें नाहीं तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. तीही निष्फळ ठरली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानें ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यांतच तक्रार करतां येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी सातारकराला दिल्लीस जावें लागत नाहीं. मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं, वकील हवाच असें नाहीं, मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावरून ही तक्रार घरूनच दाखल करतां येते. तिच्यासोबत बिल, अनुक्रमांकाचें छायाचित्र, खोकें उघडतांनाचें चित्रण आणि विक्रेत्याशीं झालेला पत्रव्यवहार जोडावा. फोनवर झालेल्या बोलण्याची तारीख आणि वेळ त्या त्या दिवशींच एका कागदावर टिपून ठेवावी.